संध्याकाळी सहाला सुरू होणारं रडं

“माझं दूध पुरत नसेल का?” सहा आठवड्यांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईचा हा पहिला प्रश्न. बाळ दिवसभर शांत. संध्याकाळी सहा वाजले की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन नऊपर्यंत रडायचं. सासूबाईंनी घुटी सुरू केली होती, शेजारणीने ग्राइप वॉटर दिलं होतं आणि पावडरच्या दुधाचा डबाही घरात आला होता.

वजन पाहिलं. जन्माचं २.९ किलो, आता ४.१. दिवसाला सात-आठ लंगोट ओले. दूध पुरत होतं. डबा उघडायचं कारण नव्हतं. जांघेत फुगवटा नव्हता, पायाच्या बोटाला केस गुंडाळून आवळलेला नव्हता (त्यानेही बाळ रडतं, आणि हे तपासायचं बहुतेकदा राहून जातं). १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध न ओढणं, मलूल पडणं, यातलं एक जरी असतं तरी त्यांना तडक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

घरात सगळ्यांचं निदान एकच, ‘गॅस’. पण बाळ रडताना हवा गिळतं, त्यामुळे बऱ्याचदा पोट टम्म होतं ते रडण्यामुळे. गॅससाठी देतात ते सिमेथिकोन या औषधाचे थेंब चाचण्यांमध्ये बिनऔषधी थेंबांपेक्षा सरस ठरलेले नाहीत. घुटीत जायफळ किती उगाळलं गेलं याचा हिशेब नसतो, त्याने गुंगी येऊ शकते. शिवाय सहाण आणि पाणी स्वच्छ असेलच असं नाही. पण आजींना नुसतं ‘बंद करा’ म्हणून भागत नाही, त्यांना काम द्यावं लागतं.

म्हणून बाळाला फिरवणं त्यांच्याकडे दिलं. साडेपाचलाच, म्हणजे रडं चढायच्या आत, टीव्ही बंद, दिवा मंद. आईने एका बाजूचं दूध पूर्ण पाजून मगच दुसरी बाजू द्यायची. मग दहा मिनिटं उभं धरून ढेकर. दुपट्यात हात गुंडाळायचे, कंबर-पाय मात्र सैल. छातीशी धरून पाच मिनिटं न थांबता चालायचं. झोप लागली की लगेच न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटं मांडीवर, मग पाठीवर झोपवायचं. पूर्वी दर दोन मिनिटांनी हात आणि उपाय दोन्ही बदलत होते. बाळ त्यानेच जास्त बिथरायचं.

आईला वेगळं सांगितलं: डोकं भणभणायला लागलं तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच-दहा मिनिटं बाहेर जा, पण रागाच्या भरात कधीही गदागदा हलवू नका. साधारण सहाव्या आठवड्यात रडं सर्वात जास्त असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेक बाळांचं ओसरतं, उपाय कोणताही केलेला असो.