मॅक्रो एकाच फाइलीत अडकलाय? एक्सेल अ‍ॅड-इनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत रोज निघणारी खात्यांची यादी नीट लावायला मी एक्सेलमध्ये तीन मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) लिहिले आहेत. दुसऱ्या फाइलीत ते वापरायचे तर आधी मूळ फाइल उघडावी लागते. कुठल्याही फाइलीत एका बटणावर ते मिळतील का? सहकाऱ्यांनाही द्यायचे आहेत. – एक वाचक, सांगली

उत्तर : मिळतील. तुमच्या एकट्यापुरतं असतं तर पर्सनल मॅक्रो वर्कबुक (एक्सेलबरोबर आपोआप उघडणारी तुमची लपलेली फाइल) पुरलं असतं. पण ती फाइल सहकाऱ्याच्या संगणकावर टाकली की त्याचे स्वतःचे मॅक्रो पुसले जातात. इतरांना वाटायचं असेल तर अ‍ॅड-इनच करा, म्हणजे एक्सेलला एकदा जोडली की तिच्यातले मॅक्रो कुठल्याही फाइलीत वापरता येतात अशी फाइल.

कोरी वर्कबुक उघडा, ऑल्ट आणि एफ११ दाबून कोडची खिडकी उघडा, इन्सर्टमधून मॉड्यूल घ्या आणि तिन्ही मॅक्रो त्यात चिकटवा. आता सेव्ह करायची घाई करू नका. कोडमध्ये ‘धिसवर्कबुक’ कुठे आहे ते शोधा आणि जिथे समोरची यादी अभिप्रेत आहे तिथे ‘अ‍ॅक्टिव्हवर्कबुक’ करा. सर्वाधिक माणसं इथेच अडकतात. अ‍ॅड-इनमध्ये गेल्यावर ‘धिसवर्कबुक’ म्हणजे खुद्द अ‍ॅड-इन, आणि त्याची शीटं लपलेली असतात. मॅक्रो बिनतक्रार चालतो, त्या लपलेल्या कोऱ्या शीटवर काम करतो आणि तुमची यादी होती तशीच राहते.

मग सेव्ह अ‍ॅजमध्ये प्रकार ‘एक्सेल अ‍ॅड-इन’ निवडा. एक्सेल आपणहून अ‍ॅड-इन्सच्या फोल्डरमध्ये जातं, तिथेच ठेवा. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स. खाली मॅनेजसमोर ‘एक्सेल अ‍ॅड-इन्स’ ठेवून ‘गो’ दाबा आणि आपल्या अ‍ॅड-इनच्या नावापुढे टिक करा.

आता बटण. ऑल्ट आणि एफ८ दाबल्यावर येणाऱ्या यादीत अ‍ॅड-इनमधले मॅक्रो दिसत नाहीत, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की अ‍ॅड-इन लागलंच नाही. नाव टाइप केलं तर मॅक्रो चालतो; फक्त यादीत नसतो. कोडच्या खिडकीत अ‍ॅड-इनखालचं ‘धिसवर्कबुक’ निवडा, एफ४ दाबा आणि ‘इजअ‍ॅडइन’ हा गुण ‘फॉल्स’ करा. वर्कबुक समोर दिसू लागेल. ऑप्शन्समधल्या क्विक अ‍ॅक्सेस टूलबारमध्ये (एक्सेलची छोटी बटणपट्टी) ‘मॅक्रोज’ निवडून तिन्ही मॅक्रो टूलबारवर घ्या. ‘मॉडिफाय’मधून चित्र आणि नाव द्या. मग तोच गुण पुन्हा ‘ट्रू’ करा आणि कोडच्या खिडकीतच कंट्रोल आणि एस दाबा. अ‍ॅड-इनमध्ये बदल केले तर एक्सेल बंद होताना ‘सेव्ह करू का’ असं विचारत नाही. विसरलात की काम गेलं.

ही बटणं मात्र तुमच्याच संगणकावर राहतात, फाइलीबरोबर जात नाहीत. सहकाऱ्यांसाठी रिबनवर (एक्सेलच्या वरच्या मुख्य पट्टीवर) स्वतंत्र टॅब हवा. ‘ऑफिस रिबनएक्स एडिटर’ हे मोफत साधन आहे. एक्सेल बंद ठेवून त्यात अ‍ॅड-इन उघडायचं, टॅब आणि बटणं लिहायची आणि प्रत्येक बटणाच्या ‘ऑनअ‍ॅक्शन’मध्ये मॅक्रोचं नाव द्यायचं. रिबनवरून चालणाऱ्या मॅक्रोच्या कंसात ‘कंट्रोल अ‍ॅज आयरिबनकंट्रोल’ लिहावंच लागतं. नाहीतर बटण दाबल्यावर आर्ग्युमेंटची (मॅक्रोला कंसातून दिलेल्या माहितीची) संख्या चुकल्याचा संदेश येतो.

आणि सहकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: मॅक्रोने शीटमध्ये बदल केले की अनडू चालत नाही. यादीची प्रत काढून मगच बटण दाबायचं.

प्रश्न : व्हाउचरवर रक्कम अक्षरी यावी म्हणून अ‍ॅड-इनमध्ये फंक्शन (सूत्रासारखं सेलमध्ये वापरता येणारा कोड) लिहितोय. कोडमध्ये मराठी शब्द टाकले की प्रश्नचिन्हं होतात. शिवाय मोठ्या रकमेला ‘#व्हॅल्यू!’ येतं.

उत्तर : कोडची खिडकी युनिकोड (सगळ्या लिपींची सामाईक अक्षरपद्धती) मानत नाही, त्यामुळे देवनागरी तिथे टिकत नाही. शब्द कोडमध्ये ठेवूच नका. अ‍ॅड-इनच्या लपलेल्या शीटवर ‘अ’ ते ‘ज्ञ’ काहीही लिहिता येतं, तिथे ० ते ९९ चे शब्द एका स्तंभात भरा (वर सांगितल्याप्रमाणे ‘इजअ‍ॅडइन’ ‘फॉल्स’ केलं की ती शीट दिसते). मराठीत ही पूर्ण यादी लागतेच. इंग्रजीप्रमाणे दशक आणि एकक जोडून भागत नाही: एकोणतीस, बत्तीस, त्रेसष्ट, प्रत्येकाचं रूप वेगळं. शे, हजार, लाख, कोटी शेजारच्या स्तंभात ठेवा. नेमक्या १०० ला ‘शंभर’ आणि १०१ ला ‘एकशे एक’ होतं, तेवढी अट कोडमध्ये घाला. हे शब्द वाचताना मात्र ‘धिसवर्कबुक’च हवं, कारण यादी अ‍ॅड-इनमध्ये आहे. वरच्या उत्तराच्या नेमकं उलट.

‘#व्हॅल्यू!’ येतं ते बहुधा रक्कम ‘इंटिजर’ (लहान पूर्णांकांचा प्रकार) म्हणून घेतल्यामुळे. त्याची मर्यादा ३२,७६७. चाळीस हजारांचं व्हाउचर त्यात मावत नाही. ‘करन्सी’ प्रकार घ्या. पैशांचाही घोळ त्याने मिटतो: ‘डबल’ या दशांश संख्यांच्या प्रकारात ०.२९ ला १०० ने गुणून अपूर्णांक टाकून देणारं ‘इंट’ लावलं तर २९ ऐवजी २८ येतात. व्हाउचरवर एक पैसा चुकला तरी ताळा जुळत नाही.

फंक्शन साध्या मॉड्यूलमध्येच असू द्या. शीटच्या किंवा ‘धिसवर्कबुक’च्या कोडमध्ये लिहिलं तर ‘#नेम?’ येईल.

प्रश्न : माझ्याकडे बरोबर चालणारी फाइल दुसऱ्या शाखेत उघडली की ‘#नेम?’ येतं आणि सूत्रात माझ्या संगणकाचा पूर्ण पत्ता दिसतो. अ‍ॅड-इन तर त्यांच्याकडेही आहे.

उत्तर : आहे, पण वेगळ्या ठिकाणी. एक्सेल सूत्राबरोबर अ‍ॅड-इनचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतं, आणि नेहमीच्या फोल्डरच्या पत्त्यात वापरणाऱ्याचं नाव असतं. म्हणून तो दोन संगणकांवर सारखा नसतो. लगेचची दुरुस्ती: डेटा टॅबवर ‘एडिट लिंक्स’ (नव्या आवृत्तीत ‘वर्कबुक लिंक्स’), मग ‘चेंज सोर्स’, आणि त्यांच्याकडचं अ‍ॅड-इन दाखवा. कायमचा उपाय म्हणजे सगळ्या संगणकांवर एकसारखा पत्ता, उदाहरणार्थ सी ड्राइव्हवर एकाच नावाचं फोल्डर. एकाच नेटवर्कवर असाल तर सामाईक फोल्डरमधून जोडा. ‘आपल्या फोल्डरमध्ये प्रत करू का’ असं एक्सेल विचारेल तेव्हा ‘नो’ म्हणा आणि ती फाइल रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) ठेवा.

प्रश्न : ईमेलने आलेलं अ‍ॅड-इन जोडलं, टिकही आहे, पण टॅब दिसत नाही.

उत्तर : इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज खूण करतं, आणि २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा फाइलींतले मॅक्रो आपोआप रोखायला सुरुवात केली. पाठवणारा खात्रीचा असेल तरच पुढे जा. एक्सेल बंद करा, फाइलीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’पुढे टिक, ओके. मग एक्सेल उघडा.