स्टेंट ग्राफ्टनंतर कुल्ल्यात कळ येते, ग्राफ्ट बंद पडला का?

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे आहेत. पोटातल्या महाधमनीचा फुगा ५.८ सेंमी झाला होता, म्हणून नागपूरला जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (धमनीच्या आत बसवायची जाळीदार नळी) बसवला. दीड महिना झाला. वावरात जाताना दोनशे पावलांवर उजव्या कुल्ल्यात कळ येते. धुऱ्यावर टेकले की दोन-तीन मिनिटांत जाते. ग्राफ्ट बंद पडला का? काय करावं?
— एक वाचक, आर्णी तालुका

उत्तर : वर्णनावरून तसं वाटत नाही, पण पायाची नाडी पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नका. फुगा खाली कमरेच्या धमनीत उतरलेला असला की ग्राफ्टचा पाय (नळीची खालची फांदी) तिच्या पुढेपर्यंत न्यावा लागतो. त्यात कुल्ल्याला रक्त देणारी आतली फांदी झाकली जाते. बऱ्याचदा ती आधीच कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) टाकून मुद्दाम बंद करतात, नाहीतर तिच्यातून रक्त उलटं फुग्यात शिरतं. डिस्चार्ज कार्डात ‘उजवी इंटर्नल इलियाक, कॉइल’ असं लिहिलंय का ते पाहा; इंटर्नल इलियाक म्हणजे हीच आतली फांदी. असेल तर ही कळ अपेक्षितच आहे. शेजारच्या बारीक वाहिन्या रुंद व्हायला काही महिने लागतात. तोवर कळ येईस्तोवर चालायचं, थांबायचं, ओसरली की पुन्हा निघायचं. असं रोज अर्धा तास. काही पुरुषांना याच कारणाने लैंगिक ताठरतेची अडचण येते. बाबा ते मुलाला सांगणार नाहीत, म्हणून तपासणीत त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. खर्रा आणि बिडी मात्र आजच सोडायला लावा; तंबाखूने वाहिन्या आकसतात आणि ग्राफ्टमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो.

आता नाडी. पायाचा अंगठा वर ओढला की उठणारी शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूची दोरी) दिसते ना, तिच्या बाहेरच्या बाजूला, पाऊल जिथे उंच आहे तिथे दोन बोटं अगदी हलकी ठेवा. दाबलं तर नाडी दबते. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे. सापडली की पेनाने खूण करा आणि रोज सकाळी दोन्ही पाय तपासा. काहींची पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून आपल्या माणसाची नेहमीची कशी असते हे आधीच ठाऊक हवं.

पोटरीत नवीन कळ येऊ लागली, तर आठवड्याच्या आत डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) करून घ्या. वळणदार धमनीत ग्राफ्टचा पाय मुडपून अरुंद होतो, आणि हे बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच होतं. पण पाय अचानक दुखून पांढरा, गार, बधिर झाला, बोटं हलेनात, तर उद्यावर टाकू नका. साधारण सहा तासांनंतर स्नायू कायमचे मरू लागतात, आणि प्रवासाचा वेळ त्याच सहा तासांत मोजायचा आहे. १०८ ला फोन करा. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना वाटेतूनच कळवा. त्यांच्या सल्ल्याने जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात हेपॅरिनचं (रक्त गोठू न देणारं) इंजेक्शन देता येतं. तेल चोळू नका, शेकू नका (बधिर पायाला भाजलेलं कळत नाही), पाय उशीवर उंच ठेवू नका.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचंही असंच ऑपरेशन ठरलंय. नंतर पोट बिघडलं तर गावातच औषध दिलं तर चालेल का?
— एक वाचक, वणी

उत्तर : नाही. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाची धमनी फुग्यातूनच निघते आणि ग्राफ्टने तिचं तोंड झाकलं जातं. बहुतेकांना दुसऱ्या वाहिन्यांतून पुरेसं रक्त मिळतं. त्याही अरुंद असल्या तर आतडं उपाशी पडतं. हे सहसा पहिल्या दोन-तीन दिवसांत, दवाखान्यातच, दिसतं: अवेळी शौचाची घाई, रक्त मिसळलेले जुलाब, डाव्या ओटीपोटात दुखणं, पोट फुगणं, ताप. दुर्बिणीने आतड्याचं अस्तर पाहतात. नुसतं अस्तर दुखावलं असेल तर उपाशी ठेवून सलाईन व अँटिबायोटिकवर भागतं. भिंत आरपार मेली असेल तर तो भाग कापावाच लागतो. म्हणून घरी आल्यावर रक्ताचे जुलाब झाले, तर जुलाब बांधायची गोळी न देता थेट दवाखाना.

ग्राफ्टचं वरचं टोक मूत्रपिंडाच्या धमन्यांना अगदी लागून असतं, शिवाय सीटी स्कॅनच्या औषधाचाही मूत्रपिंडांवर ताण पडतो. त्यामुळे दुखण्यावर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणू नका. मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडू देऊ नका. हृदयाच्या त्रासामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती पाळा. लघवी कमी झाली, की त्याच दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा.