भाऊ केंद्रातून घरी येतोय : पहिल्या महिन्यात काय सांभाळायचं?

पत्र : माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. तीन वर्षं गर्द (हेरॉईनचा प्रकार) ओढत होता, जोडीला झोपेच्या गोळ्या. पुढच्या आठवड्यात व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येईल. बाबा म्हणतात, पुन्हा हात लावलास तर खोलीत कोंडेन, नाहीतर घराबाहेर काढेन. आई आजवर त्याला गुपचूप पैसे देत आली. केंद्राने जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्यात. 'एक नशा सोडून दुसरी कशाला, महिन्याभरात बंद करू,' यावर मात्र दोघांचं एकमत आहे. मी कोणाची बाजू घेऊ? – एक ताई

उत्तर :

ताई, बाजू नंतर ठरवू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते आईबाबांचं एकमत.

रोज गर्द ओढणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावलेलं असतं. काही आठवडे बंद राहिलं की हा सराव उतरतो. तलफ मात्र तिथेच असते. मग एखाद्या संध्याकाळी माणूस जुन्या अंदाजाने ओढतो, आणि पूर्वी जी पुडी नुसती टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) थांबवायला लागायची तीच श्वास बंद पाडते. म्हणून केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे जिवावरचे असतात. सोबत झोपेची गोळी किंवा दारू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण श्वास मंदावण्याचं काम तीही करते.

गर्द मेंदूतल्या ज्या जागांवर काम करतं, ब्युप्रेनॉर्फिन त्याच जागा धरून ठेवतं, पण अर्धवट चालना देतं. त्यामुळे टर्की येत नाही, तलफ कमी होते आणि वरून गर्द ओढलं तरी त्याचा जोर बराचसा बोथट होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 पासून ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलं आहे. या औषधावर टिकून राहणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. घाईने बंद केलं की हे संरक्षण जातं. मधुमेहाच्या गोळ्या 'आता साखर बरी आहे' म्हणून घरच्यांनी बंद केल्या तर डॉक्टर काय म्हणतील? गोळी किती महिने किंवा वर्षं चालवायची हे त्याने आणि डॉक्टरांनी ठरवायचं.

गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, साधारण पाच ते दहा मिनिटं. तोवर बोलणं नको, पाणी नको. गिळली तर जवळजवळ वाया जाते. सुरुवातीला ती कोणासमोर तरी घ्यायची असं त्याच्याशी बोलून ठरवा, पाळत ठेवल्यासारखं नको. बाकीच्या गोळ्या कुलपात ठेवा, लहान मुलाला एकसुद्धा घातक ठरू शकते. मध्येच गर्द ओढलं गेलं तर गोळी लगेच घेऊ नये, नाहीतर अचानक जबर टर्की येऊ शकते. आधी डॉक्टरांना फोन.

आता वाईटातल्या वाईट प्रसंगाची तयारी. केंद्राच्या डॉक्टरांकडे नॅलोक्सोन, म्हणजे गर्दचा असर तात्पुरता उलटवणारं औषध, मागा. ते नाकातल्या स्प्रेच्या किंवा इंजेक्शनच्या रूपात येतं. कुठे ठेवलंय ते घरात सगळ्यांना माहीत हवं. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्या. तो हाक मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, घशात घरघर असेल, ओठ निळसर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत असतील तर छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात चोळा. तरी हलला नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा, नॅलोक्सोन द्या, डोकं मागे करून नाक दाबा आणि दर पाच-सहा सेकंदांनी तोंडावाटे एक श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस. श्वास परतला की कुशीवर वळवा. नॅलोक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि माणूस पुन्हा बुडू शकतो, तेव्हा शुद्धीवर आला तरी दवाखाना टाळायचा नाही. 'झोपलाय, झोपू दे' म्हणून दार लोटून घ्यायचं नाही. अशा घोरण्यातच माणसं जातात.

बाबांना कोंडण्याचं एवढंच सांगा : गर्दची टर्की शेवटच्या वेळेनंतर 8 ते 24 तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते आणि साधारण आठवड्यात उतरते. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी आटतं. झोपेच्या गोळ्या रोज चालू असताना एकदम तुटल्या तर फिट्स येऊ शकतात, आणि बंद दाराआड त्या कोणाला दिसणार नाहीत. शिवाय कोंडून उतरवलेल्या टर्कीनंतर तो पुन्हा त्याच धोक्याच्या महिन्यात उभा.

आई पैसे देते कारण तिला टर्की बघवत नाही. तिला दोष देऊन काही होणार नाही. हातात रोकड न देता फोनचं रिचार्ज, प्रवासाचा पास, डॉक्टरांची फी परस्पर भरायची, हे आईबाबांनी मिळून एकदाच त्याला सांगावं. सकाळी, तो शुद्धीत असताना. नशेत किंवा टर्कीत असलेल्या माणसाशी केलेला करार म्हणजे नुसता आरडाओरडा.

1999 मध्ये विल्यम मिलर आणि रॉबर्ट मेयर्स यांनी उपचार नाकारणाऱ्या दारुड्यांच्या घरच्यांवर तीन पद्धती तपासल्या. शुद्धीतल्या वागण्याला दाद द्यायला आणि नशेच्या परिणामांवर पांघरूण न घालायला शिकलेल्या घरांपैकी 64 टक्के घरांतला माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून समोरासमोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत 30 टक्के, घरच्यांच्या स्वमदत गटाच्या वाटेने 13 टक्के. दाद म्हणजे भाषण नव्हे. 'आज जेवायला आमच्यात बसलास, बरं वाटलं' एवढं पुरे. पांघरूण न घालणं म्हणजे त्याच्या साहेबांना 'ताप आहे' असा फोन तुम्ही न करणं. तो त्याचा त्याने करावा.

आणि पाय घसरलाच तर बाहेर काढण्याआधी 'उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ' हा पर्याय ठेवा. गोळ्यांचा डोस कमी पडतोय, हेही त्याचं कारण असू शकतं. मारहाण किंवा चोरी झाली तर मात्र बाबांचं खरं आहे, त्याला वेगळं राहू द्या. तेव्हाही औषध आणि डॉक्टर तुटू नयेत एवढं बघा.

तो येण्याआधी केंद्राला फोन करून तीन गोष्टी लिहून घ्या : गोळीचा डोस नेमका किती, पुढची तपासणी कोणत्या तारखेला, आणि रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा.