गावातले पोट्टे त्याला खेळायलाच घेत नाहीत

प्रश्न : ताई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा मुलगा ९ वर्षांचा, झेडपीच्या शाळेत चौथीत. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा अन् अति चंचलपणाचा त्रास आहे असं डॉक्टरनं सांगितलं, औषध चालू आहे, अभ्यासात फरक पडला, पण गावातले पोट्टे त्याला खेळायलाच घेत नाहीत. आऊट झाला तरी बॅट सोडत नाही, मधातच डाव मोडतो. तान्ह्या पोळ्याला रांग सोडून पुढं घुसला अन् एका पोराच्या लाकडी बैलाचा पाय मोडला, तेव्हापासून सारे त्याला येडाच म्हणतात. मिस्टर म्हणतात, तूच लाडावून ठेवलं. त्याला मित्र नकोच आहेत का? काहून असा वागतो?

उत्तर : ताई, मित्र त्याला हवेच आहेत, नाहीतर पोरं घेत नसतानाही तो त्यांच्यात खेळायला गेला नसता. बाकीच्या पोरांच्या डोक्यात खेळताना दोन गोष्टी सोबत चालतात, आज जिंकायचंय आणि उद्या पण यांच्याचसोबत खेळायचंय, म्हणून ते कुरकुरत का होईना बॅट देतात. तुमच्या मुलाला त्या मिनिटाला फक्त चालू असलेली मजा दिसते, उद्याचं नंतर आठवतं आणि मग तो घरी येऊन रडतो. हे लाडानं होत नाही. मिस्टरांना पुढच्या तपासणीला सोबत न्याच, त्यांना डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या.

तुमचं पोरगं एकटं नाही. अमेरिकेत २००५ साली छापून आलेल्या अभ्यासात एडीएचडीच्या ५२ टक्के मुलांना वर्गातल्या मुलांनी नाकारलेलं दिसलं. औषधानं चंचलपणा कमी होतो पण गावात एकदा पडलेलं नाव त्यानं पुसलं जात नाही.

म्हणून अख्ख्या टोळीच्या मागं लागू नका, एक मित्र बघा. शांत स्वभावाचा, शक्यतो शेजारचा. वेचणीचे दिवस आहेत, तुम्हाला वेळ नसतो हे कळतं, पण बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते ना, तेव्हा त्याला अर्धा तास अंगणात बोलवा. भोवरे, सायकल असं काहीतरी, जिथं नंबराची फार वाट पाहावी लागत नाही. मुलाला आधी एकच गोष्ट सांगा, 'मागितलं की द्यायचं'. दिलं की लगेच, तिथल्या तिथं शाब्बास म्हणा, रात्री जेवताना नाही. आणि भांडण व्हायच्या आधी, दोघं हसत असतानाच खेळ थांबवा.

गुरुजींनाही भेटा, वह्या वाटायचं काम त्याला द्या म्हणावं, आणि ते नीट केलं की सगळ्यांसमोर त्याचं नाव घ्या, असंही त्यांना सांगा. पोरं मास्तरांकडं बघूनच ठरवतात कोणाला हसायचं. तुम्हालाच फार जड झालं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे.

आणि तो बैल. मुलाला घेऊन सुताराकडं जा, पाय बसवून घ्या, आणि त्या पोराच्या घरी त्याच्याच हातानं नेऊन द्या, तुम्ही दारात थांबा.