संमती कशाला, सुईला की वावर वाचवायला?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या ७४ वर्षांच्या वडिलांना घशाचा कर्करोग आहे आणि आता आशा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. चार एकर कोरडवाहूपैकी एक एकर उपचारापायी गेले. रात्री कळा असह्य झाल्या की ते म्हणतात, ‘‘माह्यापायी उरलेलं वावर इकू नका, एखादी सुई देऊन मले मोकया करा.’’ त्यांचीच संमती असताना त्यात गैर काय?
– एक वाचक

उत्तर : प्राण घेणारे इंजेक्शन देणे हा आपल्याकडे गुन्हाच आहे. प्रौढ माणसाने संमती दिली असली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो, इतकाच काय तो फरक. मात्र बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे निव्वळ आयुष्य लांबवणारे उपचार थांबवता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केले.

पण मला अडवते ते वडिलांचे वाक्य. त्यात आधी वावर येते, मग सुई. आणि ते वाक्य ते रात्री, कळा उठल्यावरच बोलतात. अशा वेळी दिलेली संमती मरणाला आहे, वेदना थांबण्याला आहे की मुलांच्या डोक्यावरचे ओझे उतरवण्याला, हे त्यांनाही सांगता येणार नाही. पवनारला १९८२ मध्ये विनोबांनी अन्न-औषध सोडले, त्याचा दाखला अनेक जण देतात. पण विनोबांना सातबारा राखायचा नव्हता.

म्हणून आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपशामक, म्हणजे वेदना कमी करणाऱ्या उपचारांची आणि मॉर्फिनच्या गोळ्यांची चौकशी करा. कळा उतरल्यावर एखाद्या सकाळी, जमीन विकणार नाही असा शब्द देऊन, त्यांना पुन्हा विचारा. शक्यतो ज्याचा त्या सातबाऱ्याशी संबंध नाही अशा जवळच्या माणसाकडून. घशाच्या आजारात पुढे आवाज जाण्याचा धोका असतो, तेव्हा हे लांबवू नका. कळा उतरलेल्या त्या सकाळीही ते व्हेंटिलेटर नको, नळी नको म्हणाले, तर ते ऐकलेच पाहिजे, मग आपल्याला कितीही जड जावो. शुद्धीवर असेपर्यंत ते स्वतःच नकार देऊ शकतात. पुढच्यासाठी दोन साक्षीदारांसमोर लिव्हिंग विल, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारे पत्र, करता येते. २०२३ पासून त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. मजकूर मात्र कुणा वकिलाच्या भाषेत नको. वडील जसे बोलतील तसाच, वऱ्हाडीत, लिहून घ्या.