हात काय करत होते, ते आधी विचार

बाळ,

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेच्या हेर-उपग्रहांच्या कामात असलेल्या म्हाताऱ्या मंडळींच्या मुलाखतींसाठी केलेली तुझी प्रश्नावली मिळाली. ४२ प्रश्न! मुलाखत घ्यायची आहे की उलटतपासणी? रागावू नकोस. माझी पहिली यादी याहून लांब होती, आणि निम्म्याहून जास्त प्रश्नांना एकच उत्तर आलं होतं, "ते आम्हाला माहीत नव्हतं."

तेव्हा मला वाटलं, म्हातारा टाळतोय. तसं नव्हतं. कोरोना हा अमेरिकेचा हेर-उपग्रह, वरून फोटो काढून फिल्म डब्यात घालून खाली टाकणारा. त्याच्या कामात ज्याला त्याला त्याच्यापुरतंच सांगितलेलं असे. जगासाठी त्या मोहिमेचं नाव 'डिस्कव्हरर', आणि काम म्हणे वैज्ञानिक संशोधन. हवाईजवळच्या समुद्रावर घिरट्या घालणाऱ्या विमानातल्या माणसाला पॅराशूटला लटकलेला डबा पकडायचा होता, आतल्या फिल्मवर काय आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. फोटो वाचणाऱ्याला सोव्हिएत धावपट्ट्या दिसत, पण ती फिल्म कुणी, कशी आणली हे त्याच्या टेबलापर्यंत पोचत नसे. अशा माणसाला तू 'शीतयुद्धाबद्दल आपलं मत काय' विचारणार. तो बिचारा तुला नंतर पेपरात वाचलेलं मत देईल. ते तुला वाचनालयातही मिळेल.

म्हणून हातांबद्दल विचार. हात काय करत होते?

मी एकदा डबे पकडणाऱ्या तुकडीतल्या एका गृहस्थांपुढे बसलो होतो. तासभर सगळं कोरडं चाललं होतं. मग सहज विचारलं, विंचजवळ, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्राजवळ, तुम्ही उभे असायचात की बसलेले? ते खुर्चीतून उठलेच. विमानाचं मागचं दार उघडं, खाली दोन लांब दांडे, त्यांच्यामध्ये आकड्यांचा दोर. वैमानिक पॅराशूटच्या डोक्यावरून जाणार, आकडे कापडात रुतणार, दोर सुसाट सुटणार, मग विंचने तो हळूहळू आत ओढायचा. हे सगळं त्यांनी दिवाणखान्यात करून दाखवलं. गुडघे दुखतात ही तक्रार तेवढ्यापुरती कुठे गेली कोण जाणे. आणि हो, ती माणसं त्या डब्याला 'बकेट' म्हणतात. तूही तेच म्हण. 'कॅप्सूल' म्हणालीस की परकी ठरशील.

फोटो वाचणाऱ्या आजोबांकडे जाण्याआधी मात्र एक तयारी कर. खिशातला स्टिरिओस्कोप मिळव, ते दोन भिंगांचं घडीच्या पायांचं साधं यंत्र. त्याखाली एकाच जागेचे दोन हवाई फोटो ठेव, लागोपाठ घेतलेले. अशा फोटोंत साधारण ६० टक्के भाग सामाईक असतो. दोन बोटांनी एक फोटो कणाकणाने सरकवत राहा. आधी डोकं दुखेल, सगळं दुहेरी दिसेल. मग अचानक घरं उभी राहतील, झाडं वर येतील. फोटो असे ठेव की सावल्या तुझ्याकडे पडतील; उलटे ठेवलेस तर खड्डा टेकडीसारखा दिसतो. माझ्या बाबतीत तो क्षण तिसऱ्या दिवशी आला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की १५ ऑक्टोबर १९६२ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्या टेबलांवर काय चाललं असेल. आदल्या दिवशी यू-२ या हेरगिरीच्या विमानाने क्यूबावरून फिल्म आणली होती. मोटारींच्या शोरूमच्या वरच्या मजल्यांवर बसलेली ती फोटो वाचणारी माणसं झाडांच्या कडेला पडलेल्या लांबट आकारांची, म्हणजे सोव्हिएत क्षेपणास्त्रांची, लांबी मोजत होती. दुसऱ्या दिवशी ते फोटो राष्ट्राध्यक्ष केनेडींपुढे होते. आपल्याला केनेडींचा चेहरा आठवतो. मला मात्र ती मोजपट्टी धरणारी बोटं पाहायची असतात.

आता चुकांबद्दल. ते तारखा चुकवतील. तू तिथल्या तिथे दुरुस्त करू नकोस. एक नेहमीची गल्लत सांगतो. समुद्रातून उचललेली पहिली बकेट डिस्कव्हरर १३ ची, ११ ऑगस्ट १९६० ची. तिच्यात फिल्म नव्हतीच, अमेरिकेचा झेंडा होता. हवेत पकडलेली पहिली बकेट डिस्कव्हरर १४ ची, १९ ऑगस्टची. कॅप्टन हॅरॉल्ड मिचेल यांच्या सी-११९ विमानाला ती तिसऱ्या खेपेला सापडली. मध्ये आठच दिवस. साठ वर्षांनी ते आठ दिवस विरघळतात आणि झेंडाच हवेत पकडला जातो! ऐकून घे, घरी येऊन टिपेत योग्य तारीख लिही. गल्लतसुद्धा जपून ठेव.

यशाच्या गोष्टी त्यांनी पन्नासदा सांगितल्यात, त्या गुळगुळीत झाल्यात. फसलेल्याबद्दल विचार. त्या ऑगस्टच्या आधी डझनभर मोहिमा वाया गेल्या होत्या. सुरुवातीची ॲसिटेटची फिल्म निर्वात पोकळीत ठिसूळ होऊन तुटायची, म्हणून पॉलिएस्टरची आणावी लागली. पुढे १९७१ मध्ये हेक्सॅगॉन या नंतरच्या हेर-उपग्रहाच्या एका बकेटचं पॅराशूट निकामी झालं आणि ती पॅसिफिकच्या तळाशी गेली, सुमारे १६,४०० फूट खोल. 'ट्रिएस्ट २' ही पाणबुडी पाठवून १९७२ मध्ये ती शोधली, आणि वर आणता आणता फिल्मचे तुकडे तुकडे झाले. अशा गोष्टी सांगताना माणूस शब्द शोधतो. तिथे तू गप्प बस. पुढचा प्रश्न तोंडात तयार असला तरी गिळ.

रेकॉर्डर, जादा बॅटरी वगैरे तुला सांगायला नको.

गुपिताचं मात्र सांगतो. कोरोनाची कागदपत्रं आणि ८ लाख ६० हजारांवर छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली, हेक्सॅगॉन २०११ मध्ये. तोवर ही माणसं घरीही बोलली नव्हती. काहींना अजूनही खात्री नसते की बोलावं की नाही. कुणी हात वर केला तर रेकॉर्डर बंद कर, आणि बंद केल्याचं त्यांना दिसू दे. एकदा मी उशीर केला. ते गृहस्थ उरलेली दुपार हवामानावर बोलले. चूक माझीच होती.

आणि त्यांच्या पत्नी घरात असतील तर त्यांनाही वेळ माग, पण वेगळी. फिल्म धुणाऱ्या एका आजोबांच्या पत्नीने मला सांगितलं होतं की नवरा अंधारात काम करतो एवढंच त्यांना कळलं होतं, कारण रात्री घरी आला की तो दिवा लावायचा विसरायचा. आजोबा शेजारच्या खोलीत होते. त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "विसरायचो नाही, गरजच वाटायची नाही!"

तुझ्या यादीतले ३१ प्रश्न खोडलेत. उरलेले परत पाठवतो आहे.

तुझा,
काका