मका टोकणी यंत्र: कुठे जोडदाणे, कुठे रिकामी जागा

प्रश्न: लहान ट्रॅक्टरसाठी २ ओळींचे मका टोकणी यंत्र गावातच बनवून घेतले. ६० बाय २० सेंमी अंतर हवे आहे. पण कुठे दोन-दोन दाणे पडतात, कुठे हातभर जागा मोकळी राहते. काय चुकले?

उत्तर: आधी हिशेब. समजा, यंत्राचे जमिनीवर फिरणारे चाक ४० सेंमी व्यासाचे आहे; ते एका फेऱ्यात सुमारे १२६ सेंमी जाते. चाक आणि दाणे एकेक सोडणारी तबकडी यांच्या स्प्रॉकेटचे (साखळीच्या दातेरी चक्राचे) दात सारखे असतील, तर तबकडीला ६ खाचा हव्यात. दाणा २१ सेंमीवर पडेल.

यंत्र उचलून चाक हाताने १० वेळा फिरवा. प्रत्येक नळीतून ६० दाणे एकेक पडले, तर दोष बहुधा चाकाचा: भुसभुशीत रानात ते घसरते. धावेवर अँगलचे तुकडे वेल्ड करा, चाकाच्या दांडीला स्प्रिंग लावा. दाणे जास्त पडले, तर खाच मोठी किंवा जादा दाणे झाडणारा ब्रश झिजलेला. खाच दाण्याहून १-२ मिमीच मोठी हवी. बियाणे चाळून घ्या. चपटे-गोल मिसळलेले दाणे कुठल्याच तबकडीला झेपत नाहीत.

नळी उभी, सरळ, आखूड ठेवा. बागेचा वाकडा पाइप लावला असेल तर आधी तोच काढा, त्यात दाणे आपटत येतात.